लेहऱ्याच्या साथीने कपालभाती

कपालभातीत सर्वांत आधी बिघडते ती गती. उत्साहाच्या भरात वेग वाढतो, उच्छ्वास अर्धवट राहतो आणि पोटाऐवजी खांदे हलू लागतात. तीनतालाचा, म्हणजे १६ मात्रांच्या (ठोक्यांच्या) तालाचा लेहरा, अर्थात तबल्याच्या साथीला पुन्हा पुन्हा वाजणारी धून, लावल्यास हा उतावळेपणा आवरता येतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील ज्या मराठी घरांत माधव संगीत महाविद्यालयात शिकलेले कोणी असेल, तिथे विलंबितापासून (संथ) द्रुतापर्यंत (जलद) चढणारी लय कानांना परिचयाचीच असते. गाणे मात्र लावू नये, कारण शब्द आले की लक्ष तिकडे जाते.

पोट रिकामे असताना पाठ ताठ ठेवून बसावे. रियाजाच्या ॲपवर मिनिटाला ६० मात्रांची लय लावून एक-दोन आवर्तने (तालाच्या १६ मात्रांचे पूर्ण फेरे) नुसती ऐकावीत. मग समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, पहिला उच्छ्वास नाकाने झटक्यात सोडावा आणि पुढे दर दुसऱ्या मात्रेला एक, असे चालू ठेवावे. श्वास आपोआप आत येतो, तो ओढू नये. चार आवर्तनांत ३२ उच्छ्वास होतात, त्यामुळे मोजण्याचे काम सम करते. पुढचे टप्पे ८०, १०० आणि १२० मात्रांचे असून प्रत्येकात चारच आवर्तने घ्यावीत. सगळे मिळून सुमारे तीन मिनिटे लागतात. एकदम दुगुण (दुप्पट लय) करण्याचा मोह टाळावा, कारण त्या उडीत पोटाचे स्नायू ढिले पडायला वेळच मिळत नाही.

बेंबीवर तळहात ठेवून पाहावे: दोन झटक्यांच्या मधे पोट पूर्ववत बाहेर येत नसेल, तर लय कितीही रंगलेली असो, मागच्या टप्प्यावर यावे. नवशिक्याने कित्येक दिवस ८०वरच थांबले तरी काही बिघडत नाही. शेवटी लेहरा बंद करून तानपुरा तेवढा चालू ठेवावा आणि श्वास पूर्ववत होईपर्यंत बसून राहावे.

श्वास फार जलद झाल्यास रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, चक्कर येते आणि बोटांना व ओठांभोवती मुंग्या येतात. असे झाले की लगेच थांबावे. गर्भवतींनी हा अभ्यास करू नये. उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार, हर्निया किंवा काचबिंदू असलेल्यांनी, तसेच पोटाची शस्त्रक्रिया नुकतीच झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो सुरू करू नये. ग्वाल्हेरच्या मे-जूनच्या उन्हाळ्यात तो सूर्योदयापूर्वीच उरकावा.