मुख्य दाराची न फिरणारी गोल मूठ: निवडायची कशी, बसवायची कशी

पॅनेलच्या जुन्या घाटाच्या दारावर बाहेरून जी गोल मूठ दिसते, ती बहुतेक वेळा फिरणारी नसते. तिच्यात चौकोनी दांडा नसतो, खटका नसतो, कुलपाशी तिचा संबंध नसतो. दार उघडायचं ते किल्लीने. मूठ लागते बाहेर पडताना दार ओढून घ्यायला. काम एवढंच, म्हणून ती नुसतं चित्र बघून घेतली जाते. मग काही महिन्यांत ती हातात गरगरायला लागते, नाहीतर रोज बोटांची सालं काढते. दिवसातून दहा वेळा सगळा ताण एका बोल्टवर घेणारी ही वस्तू आहे. निवड त्या ताणाकडे बघून करायला हवी.

सगळ्यात आधी कुलूप बघा. दाराला आपोआप बंद होणारं नाइट लॅच असेल, किंवा मॉर्टाइस डेडलॉक (दाराच्या जाडीत खाच करून बसवलेलं, फक्त किल्लीवर चालणारं कुलूप) असेल, तर न फिरणारी मूठ चालते. मात्र मूठ फिरवल्यावर लॅच मागे सरकतं अशा जातीचं कुलूप असेल, तर ही मूठ लावून बाहेरून दार उघडता येणार नाही. खोक्यावरच्या चित्रात दोन्ही मुठी सारख्याच दिसतात, त्यामुळे मागची बाजू उलटून बघा. फिरणाऱ्या मुठीच्या मानेत चौकोनी भोक असतं आणि बाजूला बारीक स्क्रू असतो. न फिरणाऱ्या मुठीत आटे पाडलेलं गोल भोक असतं किंवा आट्यांची सळई बाहेर आलेली असते. नाइट लॅच असेल तर आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा: दार ओढलं की बंद झालं, आणि या मुठीने ते बाहेरून उघडत नाही. किल्ली हातात असल्याशिवाय ओढायचं नाही.

मूठ कुठे येणार

दाराच्या बरोबर मध्ये लावलेली मूठ देखणी दिसते, पण तिथे जोर जास्त लागतो. ८४० मिमी रुंदीच्या दारात बिजागरीपासून मध्य साधारण ४२० मिमीवर येतो. तीच मूठ कुलपाच्या बाजूच्या उभ्या पट्टीवर लावली तर अंतर ७८० मिमीच्या आसपास होतं. म्हणजे कडेला ५ किलोच्या जोराने बंद होणारं दार मध्यावरून ओढायला सव्वानऊ किलोच्या आसपास जोर लागतो. चौकटीला वारा-पाणी अडवणारी रबरी पट्टी असेल तर हा फरक शेवटच्या चार-पाच मिलिमीटरमध्ये चांगलाच जाणवतो, कारण तेव्हाच रबर दाबलं जात असतं.

मध्यावरच मूठ हवी असेल तर आधी दार हलकं करून घ्या. बिजागऱ्यांचे स्क्रू आवळा, दार चौकटीला कुठे घासतं ते बघून तेवढंच रंधा. लॅच चौकटीवरच्या ज्या पट्टीत अडकतं ती पट्टी दार टेकतं त्या कडेच्या फार जवळ बसली असेल तर एखादा मिलिमीटर खोलीच्या बाजूला घ्या. जड चालणाऱ्या दारावर मध्यावर मूठ लावली की दोष मुठीला मिळतो, आणि खरंच तीच आधी सैल होते.

कडेला लावायची असेल तर बोटांचा विचार करा. दाराची कड चौकटीत शिरते तेव्हा मुठीभोवतीची बोटं चौकटीच्या लाकडावर घासतात. ६५ मिमी व्यासाच्या मुठीची त्रिज्या ३२ मिमी, तिच्याबाहेर बोटांची जाडी साधारण २० ते २५ मिमी, वर थोडी मोकळीक. म्हणजे मुठीचा मध्य दाराच्या कडेपासून निदान ६० ते ६५ मिमी आत हवा. मूठ मोठी असेल तर तेवढंच आणखी आत. उभी पट्टी अरुंद असेल आणि हे अंतर मिळत नसेल, तर कडेचा हट्ट सोडलेला बरा.

पॅनेलमध्ये भोक कधीच पाडू नका. पॅनेल पातळ असतं आणि खाचेत सुटं बसवलेलं असतं, म्हणजे ऋतूप्रमाणे लाकूड फुगलं-आकसलं तरी ते चिरत नाही. तिथे ताण दिला की पॅनेल खुळखुळतं, कालांतराने फाटतं. मूठ आडव्या मधल्या पट्टीवर, मधल्या उभ्या पट्टीवर किंवा कुलपाच्या बाजूच्या उभ्या पट्टीवर, या तीनच जागी. पत्रपेटीची फट मधल्या आडव्या पट्टीवर असेल तर मूठ तिच्या वर, मधल्या उभ्या पट्टीवर घ्या. फटीची झडप पूर्ण उघडून बघा. ती मुठीला लागता कामा नये.

उंची साधारण ९०० ते १०५० मिमी. पण ही उंची कुठून मोजायची? दार ओढताना माणूस बाहेर उभा असतो. बाहेर १५० मिमीची पायरी उतरती असेल तर आतून १००० मिमीवर असलेली मूठ त्याच्या दृष्टीने ११५० मिमीवर जाते. म्हणून पायरीवर उभं राहून, कोपर सैल सोडून, हात जिथे सहज जातो ती जागा बघा आणि मग पट्टीच्या मध्याशी जुळवून घ्या.

माप आणि मान

सर्वसाधारण घराच्या दाराला ६५ ते ८५ मिमी व्यासाची मूठ शोभते. ६० मिमीच्या खाली ती खोलीच्या दारावरून काढून आणल्यासारखी वाटते. पट्टीची रुंदीही बघायला हवी. मूठ ज्या तबकडीवर बसते तिच्या दोन्ही बाजूंना निदान १५ मिमी सपाट लाकूड उरायला हवं. मधली उभी पट्टी १०० मिमीची असेल तर तबकडी ७० मिमीपेक्षा मोठी नको. त्यापुढे ती कडेच्या नक्षीवर चढते, एका बाजूने अधांतरी राहते आणि पाणी तिथूनच आत जातं. पुठ्ठ्याचे ६५, ७५ आणि ८५ मिमीचे गोल कापा, चिकटपट्टीने दारावर लावा आणि फाटकापाशी जाऊन बघा. हातात मोठी वाटणारी मूठ दारावर लहान दिसते, हे तिथून लगेच कळतं.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे मुठीची मान. ओढताना बळ लागतं ते मुठीच्या मागे अडकलेल्या बोटांचं. मुठीची मागची कड आणि तबकडी यांच्यात निदान २५ मिमी मोकळी जागा हवी. हातमोजे घालून दार ओढायचं असेल तर ३० ते ३५. चपट्या, अंबाड्यासारख्या बसक्या मुठी दिसायला सुबक असतात, पण मान आखूड असली की फक्त बोटांची टोकं अडकतात आणि पावसात मूठ निसटते. दुकानात मूठ टेबलावर ठेवू नका. दुसऱ्या कुणाला तबकडी घट्ट धरायला सांगा आणि खरोखर ओढून बघा. घरात कुणाचे सांधे दुखत असतील तर मान लांब असलेली मोठी मूठ घ्या, नाहीतर सरळ उभं ओढहँडल. पूर्ण तळव्याने धरता येईल अशी वस्तू त्यांना सोपी जाते.

दाराच्या बाहेर जाळीचं किंवा दुसरं दार असेल तर मूठ एकूण किती पुढे येते ते मोजा. दोन दारांमधलं अंतर त्यापेक्षा १५ मिमी तरी जास्त हवं.

धातू ओळखायचा कसा

पितळ हा जुना आणि खात्रीचा पर्याय. ‘अस्सल पितळ’ असं लिहिलं असलं तरी मूठ आतून भरीव असते असं नाही. त्याचा अर्थ एवढाच की वरचा थर मुलाम्याचा नाही. ओतलेली किंवा घडवलेली मूठ पोकळ असली तरी तिची भिंत जाड असते आणि ती उत्तम चालते. वाईट असते ती पत्र्याच्या दोन वाट्या दाबून जोडलेली. तिच्या पोटावर बारीक जोड दिसतो, नखाने वाजवली तर डबा वाजल्यासारखा आवाज येतो, आणि मान वाटीला फक्त दाबून बसवलेली असते. ती तिथेच सुटते.

चुंबक चिकटला तर आत लोखंड आहे. नाही चिकटला म्हणून ते पितळच असेल असं नाही, कारण जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही. अशा वेळी मागच्या भोकातले आटे बघा: पितळ आतही पिवळं असतं, जस्ताचा धातू राखाडी. वजनही सांगतं. पितळ पाण्याच्या साधारण साडेआठ पट जड, जस्ताचा मिश्रधातू पावणेसात पटीच्या आसपास, ॲल्युमिनियम जेमतेम पावणेतीन पट. जस्ताच्या मुठीतले आटे मऊ असतात, दोन-तीनदा आवळले की झिजतात. बाहेरच्या दाराला ती घेऊ नये.

लॅकर, म्हणजे पारदर्शक संरक्षक लेप, न लावलेलं पितळ काळवंडतं. तो दोष नाही, पण चकचकीत ठेवायचं तर पुसत राहावं लागतं. लॅकर लावलेलं सुरुवातीला छान दिसतं, मग एखाद्या ओरखड्यातून हवा शिरते आणि लॅकरखाली डाग पसरतात. तेव्हा सगळं लॅकर काढण्यावाचून इलाज उरत नाही. निर्वात पद्धतीने चढवलेला पीव्हीडी थर बाहेर सगळ्यात जास्त टिकतो. समुद्राजवळ क्रोमच्या मुलाम्यावर बारीक खड्डे पडतात. तिथे ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील घ्या. ३०४ दर्जाच्या स्टीलवर खाऱ्या हवेत तांबूस डाग उमटतात. बिडाची काळी मूठ जुन्या दाराला शोभते, पण वर्षातून दोनदा मेण हवंच. आणि दार ओकचं असेल तर उघडं लोखंड त्याला लागू देऊ नका: लाकडातलं टॅनिन, पाणी आणि लोखंड मिळून निळसर काळे ओघळ उतरतात.

बोल्टची की स्क्रूची

स्क्रूची मूठ बाहेरूनच तबकडीतून तीन-चार स्क्रू मारून बसते. दारावर आरपार भोक पडत नाही, हा तिचा एकच गुण. स्क्रू लाकडातून सरळ बाहेर ओढले जात असतात आणि ते हळूहळू सुटतात. मुख्य दाराला आरपार बोल्टची मूठ घ्या. बोल्ट साधारण एम ८ किंवा एम १० (म्हणजे ८ किंवा १० मिमी व्यासाचा) असतो, आतून रुंद वॉशर घालून आवळतात आणि वर झाकणाची टोपी बसते.

एकाच बोल्टवर असलेली मूठ फिरू शकते. त्यामुळे तबकडीच्या मागे लाकडात रुतणारी छोटी खुंटी किंवा दोन लपवलेले स्क्रू आहेत का ते बघून घ्या. अष्टकोनी किंवा धारांची नक्षी असलेली मूठ दोन अंश फिरली तरी वाकडी दिसते, तिला ही खुंटी हवीच. साधी गोल मूठ या बाबतीत क्षमाशील.

बोल्टची लांबी अंदाजाने घेऊ नका. दाराची जाडी भोकाच्या जागी मोजा. समजा दार ४४ मिमी, आतला वॉशर ३, तबकडी ६ आणि मुठीत शिरणारे आटे १२. बेरीज ६५ मिमी. आट्यांची पकड बोल्टच्या व्यासाइतकी तरी हवीच, पितळात दीडपट असेल तर चांगलं. आता मुठीच्या भोकाची खोली काडी घालून मोजा. ती १५ मिमी असेल आणि तुमचा बोल्ट १८ मिमी आत जाऊ पाहत असेल, तर तो तळाला टेकून अडतो. पान्याला घट्ट लागतं, तुम्हाला वाटतं आवळलं, आणि मूठ मात्र दारावर डुलत असते. नवी मूठ पहिल्या दिवसापासून सैल असेल तर बहुतेक वेळा हेच झालेलं असतं. बोल्ट कापायचा तर आधी त्यावर नट चढवा, मग करवतीने कापा, कड कानसेने घासा आणि नट उलटा फिरवून काढा. बिघडलेले आटे सरळ होतात.

बसवणी

पट्टीवर रंगाऱ्याची कागदी चिकटपट्टी लावा आणि त्यावर मध्य आखा. फक्त वरून-खालून मोजू नका, जुन्या दाराच्या पट्ट्या क्वचितच समांतर असतात; डावी-उजवी दोन्ही मापं घ्या आणि चार पावलं मागे जाऊन डोळ्याने खात्री करा. खिळ्याच्या टोकाने खूण खोल करा, ३ मिमीच्या ड्रिलने वाट पाडा. मग एम ८ ला ९ मिमीचं, एम १० ला ११ मिमीचं भोक. ड्रिल सरळ राहायला शेजारी गुण्या (सुताराचा काटकोन) उभा धरा: ४४ मिमीच्या दारात दोन अंशांचा कल दुसऱ्या बाजूला दीड मिलिमीटर सरकतो आणि तबकडीची एक कड लाकडापासून उचलली जाते. बाहेरून भोक पाडत जा, आतल्या बाजूला टोक जेमतेम दिसलं की थांबा आणि उरलेलं आतून पूर्ण करा. एका दमात आरपार गेलात तर लाकडाची कपची उडते.

भोकाच्या आतल्या उघड्या लाकडाला प्रायमर किंवा वार्निश लावा. कानातल्या काडीने छान पोचतं. हे टाळलं की पाणी भोकातून लाकडात मुरतं आणि तबकडीभोवतीचा रंग फुगून सुटतो. तबकडीच्या मागे वरच्या आणि बाजूच्या कडेला सीलंटची बारीक रेघ द्या, खालचा भाग मोकळा सोडा. आत गेलेल्या पाण्याला निघायला वाट हवी.

बोल्टच्या आट्यांना मध्यम ताकदीचं आटे-बंद द्रव्य (आटे सैल होऊ न देणारं) लावा, कायमचं चिकटणारं नको. मूठ बाहेरून धरून आतून बोल्ट आवळा. मूठ फिरवून आवळू नका, खुंटी लाकूड कुरतडते. तबकडी पूर्ण टेकली की आणखी पाव फेरा, बस. वॉशर लाकडात रुतायला लागला म्हणजे जास्त झालं.

जुनं भोक मोठं किंवा सरकलेलं असेल तर त्यात पुटी भरू नका. कठीण लाकडाची गोल खुंटी पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने ठोका, एक दिवस सुकू द्या, पृष्ठभागाला समतल कापा आणि नवीन भोक पाडा.

दोन आठवड्यांनी एकदा आवळून बघा, नंतर ऋतू बदलताना. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि बोल्ट तेवढाच ढिला पडतो. पितळ घासताना पुठ्ठ्याला मधोमध चीर देऊन तो तबकडीभोवती सरकवा, नाहीतर पॉलिशचा पांढरा अंश लाकडाच्या रेषांत आणि रंगाच्या कडेला बसतो आणि मग तो दातकोरण्याने काढावा लागतो. लॅकर असलेल्या मुठीला पॉलिश लावूच नका. ओलं फडकं, मग कोरडं फडकं.