झंस्कारच्या दरीत राफ्टिंगला निघण्यापूर्वी: सांगलीतून करायची तयारी

लडाखमध्ये पदुमजवळ स्तोद आणि त्सारप या दोन नद्या एकत्र येतात आणि झंस्कार सुरू होते. तिथून उभ्या कड्यांच्या दरीतून उत्तरेकडे जात ती निम्मूला सिंधूला मिळते. राफ्टने, म्हणजे हवा भरलेल्या रबरी होडीने, हे अंतर कापायला तीन-चार दिवस लागतात, रात्री काठच्या वाळूवर तंबू. रॅपिड, म्हणजे खळाळत्या वेगाच्या पाण्याचे टप्पे, बहुतेक ग्रेड तीनचे, काही चारचे. मोजणी सहापर्यंत असते. इकडून जाणारी मंडळी लाटांचीच चौकशी जास्त करतात. पण लाटा सांभाळायला गाइड असतो, आणि तो त्या कामात मुरलेला असतो. आपण तयारी करायची ती गार पाण्याची, कोरड्या हवेची आणि उंचीची, कारण सांगलीच्या माणसाला या तिन्हींची सवय नसते. लडाख हे थंड वाळवंट. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, लेहला १०० मिलिमीटरच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये नदीला येतं ते पाणी मुख्यतः वितळलेल्या बर्फाचं.

पहिली गोष्ट पोहण्याची. नदीकाठच्या गावात वाढलेल्याला एक खात्री असते. पाठीला डबा बांधून घाटावर पोहायला शिकलेले, पुरात आयर्विन पुलावरून उडी टाकलेले लोक आपल्याकडे घरोघरी सापडतील. झंस्कारमध्ये ती खात्री फार कामाला येत नाही. बर्फाच्या पाण्यात पडल्यावर पहिला मिनिटभर श्वास आपल्या ताब्यात नसतो. धाप लागते आणि नेमक्या त्याच वेळी तोंडात पाणी जायची भीती असते. त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं. शरीर पूर्ण गारठून शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण हात आधीच निकामी झालेले असतात. म्हणून पडलात तर पहिलं काम पोहायचं नाही, श्वास आवरायचा. उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला, पायाची बोटं पाण्याबाहेर दिसली पाहिजेत. वेगाच्या पाण्यात उभं राहायचा प्रयत्न कधीही करायचा नाही; दगडांच्या फटीत पाऊल अडकलं की मागून येणारं पाणी माणसाला वाकवून खाली दाबून धरतं. गाइडने पिशवीत भरलेली दोरी फेकली तर दोरीच धरायची, पिशवी नव्हे, आणि ती हाताला गुंडाळायची नाही. हे सगळं वाचून येत नाही. निघायच्या आधी महिनाभर तलावात लाइफ जॅकेट घालून उताणं तरंगायचा सराव करा. तलावातच करा, कृष्णेच्या पात्रात औदुंबर-भिलवडीपासून खाली मगरींचा वावर आहे. आणि रोज सकाळी गार पाण्याने अंघोळ करताना पहिले दहा श्वास मोजून, सावकाश सोडायची सवय लावा.

लाइफ जॅकेटबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला लोकांना बाहेर काढताना होडी उलटली आणि माणसं गेली. आपल्या जिल्ह्यात तरी जॅकेट हा उपचार म्हणून घालायचा प्रकार राहू नये. जॅकेट अंगात घातल्यावर आधी कमरेचे पट्टे आवळा, मग वरचे. नंतर सोबत्याला सांगा, दोन्ही खांद्यांच्या पट्ट्यांना धरून जोरात वर उचल. जॅकेट हनुवटीपर्यंत सरकलं तर ते सैल आहे, पुन्हा आवळायचं. कानापर्यंत आलं तर माप चुकलंय, दुसरं मागायचं. संकोच करू नका. शिवण उसवलेली, बकल तुटकं, आतला फोम दबून पातळ झालेला असं जॅकेट परत करायचं. रोज सकाळी पट्टे नव्याने बघायचे, कारण ओले झाले की ते ताणतात. हेल्मेटचंही तेच: पट्टा बांधून डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हललं पाहिजे. चष्मा असेल तर मागून दोरी बांधलेला हवा, आणि दुसरा चष्मा बॅगेत.

अंग तयार करायला जिमची गरज नाही. होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारणाऱ्या पोरांकडे नीट बघा; त्यांचं बळ दंडात कमी आणि कमरेत जास्त असतं. राफ्टमध्येही पाय आत रोवून, कमरेतून पुढे वाकून वल्हं ओढायचं असतं. रोजच्या बैठका, सूर्यनमस्कार आणि रविवारी पाठीवर ओझं घेऊन दंडोबाचा डोंगर, एवढं दोन महिने केलं तर पुरे. गुडघ्याचं दुखणं असेल तर आधीच बघून घ्या.

उंचीच्या बाबतीत मात्र ताकदीचा उपयोग नाही. सांगली समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटरवर, लेह ३,५०० वर आणि पदुम त्याहून थोडं वर. दिल्लीहून विमानाने तासा-दीड तासात लेहला उतरलात की शरीराला काही कळायच्या आत हवा विरळ झालेली असते. पहिले दोन दिवस लेहमध्ये आराम. बाजारात हळूहळू चक्कर, भरपूर पाणी, दारू नाही, आणि ‘आलोच आहोत तर खारदुंग ला ही वरची खिंड करून येऊ’ हा बेत तर मुळीच नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात असते. ती लपवायची नाही. चालताना तोल जायला लागला किंवा बसल्या जागी दम लागला तर वर जाणं थांबवून खाली आणायचं, यावर चर्चा नको. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी बऱ्याच जणांना उपयोगी पडते, पण ती डॉक्टरला विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर खासच. मिरजेला डॉक्टरांची वाण नाही, तेव्हा रक्तदाब, मधुमेह, दमा असणाऱ्यांनी निघायच्या महिनाभर आधी तपासून घ्या आणि नेहमीच्या गोळ्या दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवा.

आता कपडे. सुती काहीही नको. आपल्याला सुताचं प्रेम आहे आणि सांगलीच्या उन्हाळ्यात ते बरोबरही आहे, पण ओलं सूत अंगातली ऊब ओढून घेतं आणि वाळता वाळत नाही. वेटसूट (गार पाण्यात ऊब धरणारा घट्ट पोशाख), वरचं जॅकेट, हेल्मेट सहसा आयोजक देतात. पैसे भरण्याआधी मापासकट खात्री करून घ्या. वेटसूटच्या आत पॉलिस्टरचा किंवा लोकरीचा पातळ थर, पायात लोकरी मोजे आणि मागे पट्टा असलेली सँडल किंवा जुने बूट. साधी चप्पल पहिल्याच दिवशी वाहून जाते. कपड्यांचे दोन जोड कडेकोट वेगळे ठेवा: एक नदीचा, एक मुक्कामाचा. मुक्कामाचा जोड, म्हणजे थर्मल, स्वेटर, कानटोपी, कोरडे मोजे, नदीवर कितीही थंडी वाजली तरी बॅगेतून बाहेर काढायचा नाही, कारण दिवस मावळल्यावर वारा सुटतो तेव्हा तोच आधार असतो. तो ड्रायबॅगमध्ये, म्हणजे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत. ड्रायबॅग गच्च भरू नका; तोंडाशी वीतभर जागा सोडा, हवा दाबून काढा, कडा जुळवून किमान तीन घड्या घाला आणि मग बकल लावा. दोनच घड्या घातल्या की पाणी शिरलंच समजा. घरी बादलीत बुडवून बघा. आत वर्तमानपत्राचा कागद ठेवला की ओल लगेच कळते.

कोरड्या हवेचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुरू होतो. दिवसभर भिजलेले हातपाय वाळूत वाळतात आणि टाचा, बोटांची टोकं चिरतात. त्या चिरा इतक्या दुखतात की वल्हं धरवत नाही. यावर आपल्या घरातलं औषध उत्तम: आमसुलाचं तेल. त्याचा घट्ट गोळा डबीत टाका. रात्री पाय धुऊन, पुसून, दिव्यावर किंचित वितळवून टाचांना चोळा आणि वर कोरडे मोजे चढवा. ओठांना लावायचं मलम खिशातच हवं. ऊन गार हवेत जाणवत नाही, पण दर हजार मीटरला अतिनील किरणं दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात, शिवाय पाण्यावरून परावर्तित होऊन हनुवटीखालीही भाजतात. सनस्क्रीन दर दोन तासांनी, गॉगल दोरीसकट.

नदीचं पाणी गाळाने राखाडी असतं. पिण्याचं पाणी आयोजक बाजूच्या ओढ्यांतून घेऊन उकळतात किंवा गाळतात. कसं, ते विचारा. त्या उंचीवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे डाळ शिजायला कुकर लागतो. तहान लागत नाही म्हणून पाणी टाळू नका. बरोबर भडंग, तासगावचे बेदाणे, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट आणि गुळपोळ्या घ्या. थंडीत तोंडाला चव नसताना हे सगळं पोटात जातं. भडंगाला हवाबंद डबा.

मुक्कामाच्या जागेबद्दल गाइडचं ऐका, आणि स्वतःही एक सवय ठेवा. आपण आयर्विन पुलावरचे पाणीपातळीचे फूट बघून नदी ओळखतो. तिथे तसा आकडा लिहिलेला नसतो. संध्याकाळी पाण्याच्या कडेला एक दगड मांडा, झोपण्यापूर्वी टॉर्चने बघा. दिवसभराच्या उन्हाने वितळलेलं पाणी उशिरा पोचतं, म्हणून रात्री नदी चढू शकते. ऑगस्ट २०१० मध्ये लेहला ढगफुटी झाली होती, आणि दरड कोसळून अडलेलं त्सारपचं पाणी मे २०१५ मध्ये फुटून पूल वाहून गेले. कोरड्या ओढ्याच्या तोंडाशी तंबू लावायचा नाही. शौचासाठी तंबू असतो; कागद, सॅनिटरी पॅड, प्लास्टिक, सगळं परत आणायचं. पाळीच्या तारखा जवळ असतील तर बायकांनी लागेल त्यापेक्षा दुप्पट सामान आणि घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या घ्याव्यात.

आयोजकाला विचारायचे प्रश्न थोडे पण टोकदार ठेवा. सोबत सुरक्षेसाठी कयाक (एकट्याने वल्हवायची छोटी होडी) असतो का? गाइडचं प्रथमोपचाराचं प्रशिक्षण केव्हाचं? माणूस जखमी झाला तर दरीतून बाहेर काढायची जागा कोणती? निम्मू-पदुम रस्ता आता झाला आहे, पण तुम्ही पलीकडच्या काठावर असाल तर तो दिसत असूनही उपयोगाचा नाही. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड हवं. दरीत तेही बहुतेक ठिकाणी मुकंच. सॅटेलाइट फोन परवान्याशिवाय बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे, कुणाकडून मागून नेऊ नका. विम्याच्या कागदात साहसी खेळ आणि उंचीची मर्यादा या दोन ओळी शोधा.

प्रवास सोपा: मिरजेहून गोवा एक्सप्रेसने दिल्ली, पुढे विमान. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. लेहची विमानं हवामानामुळे रद्द होतात, म्हणून परतीला एक दिवस हाताशी मोकळा ठेवा, आणि महापुरात आपल्याकडचेही रस्ते बंद पडतात हे लक्षात असू द्या.

शेवटचं काम घरचं, आणि गावभागात किंवा सांगलीवाडीत राहणाऱ्यांनी ते टाळू नये. तुम्ही दरीत असाल ते दिवस इकडे कृष्णा चढायचे. आयर्विनला पाणी ३५ फुटांवर गेलं की कुणी यायचं, गॅसची टाकी, कागदपत्रं आणि धान्य वर कुणी न्यायचं, आईवडिलांना कुणाकडे हलवायचं, हे आधी ठरवून एका कागदावर लिहा. ४० फुटांच्या इशारा पातळीची वाट बघायची नाही. त्याच कागदावर आयोजकाचा नंबर, नदीत उतरायची आणि बाहेर पडायची तारीख, आणि ठळक अक्षरांत: बाहेर पडायच्या तारखेनंतर दोन दिवस फोन आला नाही तर या नंबरवर विचारा. कागदाची एक प्रत शेजारी द्या, एक फ्रिजवर चिकटवा.