मिरज ते मिरज, मैत्रिणींच्या घरांवरून

१९८५ साली जबलपूरच्या दूरसंचार प्रशिक्षण केंद्रात आम्ही काही महिने एकत्र होतो. वेगवेगळ्या राज्यांतल्या, पण होस्टेलच्या एकाच मजल्यावरच्या. नंतर जो तो आपापल्या गावी नोकरीला लागला, तरी खात्यातच असल्यामुळे आवाज तुटला नाही. भेटी मात्र राहून जायच्या. निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता एकेकीच्या घरी जायचं, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मिरजेहून निघून भोपाळ, ग्वाल्हेर, कोलकाता, विशाखापट्टणम, सिकंदराबाद अशी फेरी करून बावीस दिवसांनी मिरजेत परत आले. सगळा प्रवास रेल्वेने, बहुतेक एकटीने. अशी फेरी करायची असेल तर काय काय बघावं, ते सांगते.

आधी एक जुनी गोष्ट. जानेवारी २०१९ मध्ये मी ग्वाल्हेरला गेले होते. गाडी रात्री अकराला पोहोचायची होती. मथुरेच्या आसपास धुक्यात अडकली ती पहाटे चारला आली. उतरले तर मैत्रिणीचे यजमान फलाटावरच्या बाकावर कानाला मफलर गुंडाळून बसलेले. अकरापासून तिथेच होते. "घरी जाऊन परत यायचं म्हणजे झोप मोडणारच, म्हटलं बसूया," एवढंच बोलले आणि माझ्या हातातली बॅग घेतली. दोन दिवस त्यांना ताप होता. त्या पहाटेपासून माझा एकच नियम आहे: तिकीट काढताना गाडी सुटते कधी ते नंतर बघायचं, आधी बघायचं ती मैत्रिणीच्या गावात पोहोचते कधी. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा या वेळात पोहोचवत नसेल, तर ती गाडी कितीही सोयीची असो, आपली नाही.

मिरजेहून भोपाळला जायला गोवा एक्सप्रेस थेट आहे. बदलाबदली नाही, सामान एकदा ठेवलं की झालं. पण ती भोपाळला रात्री पोहोचते. म्हणून मी सकाळच्या कोयना एक्सप्रेसने पुणं गाठलं, तिथून संध्याकाळी झेलम एक्सप्रेस धरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी भोपाळला उतरले. एक गाडी जास्त लागली, पुण्यात स्टेशनवर दोन-तीन तास बसावं लागलं, पण भोपाळवालीची झोप मोडली नाही. धुक्याचाही हिशेब धरा. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारी संपेपर्यंत झाशीच्या वरच्या भागात गाड्यांचा भरवसा नसतो. फेब्रुवारी उजाडला की बरं पडतं, आणि तेव्हा दक्षिणेकडे उकाडाही सुरू झालेला नसतो. आमच्यासारख्या उत्तर-दक्षिण फेरीला हाच महिना चांगला.

आता तिकिटांचं. रेल्वेचं एक चक्राकार तिकीट असतं, सर्क्युलर जर्नी. ज्या स्टेशनवरून निघालो तिथेच संपणारं, वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरायची मुभा असलेलं. संपूर्ण अंतराचे दोन भाग करून दोन लांब प्रवासांचं भाडं लावतात, आणि अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर उतरत जातो, त्यामुळे तुकड्यातुकड्याने काढलेल्या तिकिटांपेक्षा ते स्वस्त पडतं. ऑनलाइन मिळत नाही. मार्ग लिहून विभागाच्या वाणिज्य व्यवस्थापकाकडे अर्ज द्यायचा, मंजूर झाला की खिडकीवर तिकीट, आणि मग प्रत्येक टप्प्याचं आरक्षण वेगळं. आरक्षणाचे आणि सुपरफास्टचे पैसे वर. एका खिडकीवर मला "असलं तिकीटच नसतं" असं ऐकवलं गेलं, तेव्हा नियमाचा छापील कागद सोबत न्या.

पण मैत्रिणींना भेटायला निघालेल्या माणसाला मी हे तिकीट सुचवणार नाही. त्यात मार्ग पक्का होतो, आणि माणसांची घरं तशी पक्की नसतात. माझ्या फेरीत निघायच्या नऊ दिवस आधी सिकंदराबादवालीचा फोन आला: सासूबाई दवाखान्यात आहेत, चार दिवस उशिरा ये. तिकिटं सुटी होती म्हणून एक रद्द केलं, थर्ड एसीचे १८० रुपये आणि वरचा जीएसटी कापला गेला, नवीन काढलं, ते चार दिवस विशाखापट्टणमवालीला विचारून तिच्याकडे आणि समुद्राकाठच्या एका लॉजमध्ये वाटून घेतले. प्रेक्षणीय स्थळं बघायला निघाला असाल तर चक्राकार तिकीट जरूर घ्या.

सुट्या तिकिटांसाठी एक वही करा. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, आधीसारखं एकशेवीस नाही, आणि प्रत्येक टप्प्याची तारीख वेगळी म्हणून उघडायचा दिवसही वेगळा. मी वहीत डावीकडे प्रवासाची तारीख आणि उजवीकडे तिच्या साठ दिवस आधीची तारीख लिहिली होती. त्या त्या दिवशी सकाळी आठच्या आत चहा घेऊन बसायचं. रोज नसणारी गाडी सगळ्यात आधी धरायची आणि बाकीचे मुक्काम तिच्याभोवती बसवायचे. ग्वाल्हेरहून हावड्याला थेट जाणारी चंबळ एक्सप्रेस रोज नसते. तिचे वार बघूनच मी भोपाळचा मुक्काम एका दिवसाने कमी केला.

बायकांना पंचेचाळिशीनंतर आणि पुरुषांना साठीनंतर खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे. तिकीट काढताना कोट्याच्या रकान्यात तो निवडावा लागतो, नाहीतर आपण जनरलमध्ये जातो आणि वरचा बर्थ नशिबी येतो. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती धरून खर्च मांडू नका. मधल्या स्टेशनवरून जागा मिळत नसेल तर गाडी जिथून सुटते तिथून तिकीट बघा. तिथला कोटा मोठा असतो. थोडे पैसे जास्त जातात, पण तिकीट काढतानाच बोर्डिंग, म्हणजे गाडीत चढायचं ठिकाण, आपल्या स्टेशनचं टाकलं की काम होतं. वेटिंगवर मात्र भिस्त ठेवू नका. आरक्षित डब्यात वेटिंगचं तिकीट चालत नाही, आणि पुढच्या गावात कोणीतरी आपली वाट बघत असतं.

स्टेशनं नीट विचारून घ्या, इथे हमखास घोटाळा होतो. कोलकाता म्हणजे हावडा, सियालदह, शालिमार, संत्रागाछी, कुठलंही असू शकतं. कोरोमंडल एक्सप्रेस आता हावड्याहून नाही, शालिमारहून सुटते. हैदराबादेत सिकंदराबाद, नामपल्ली, काचिगुडा, लिंगमपल्ली आणि २०२५ च्या जानेवारीत सुरू झालेलं चर्लपल्लीचं नवीन टर्मिनल. या शहरांत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला दीड तास लागतो. "तुझ्या घराला कुठलं स्टेशन जवळ?" हा प्रश्न तिकिटाआधी विचारायचा. हावड्याला उतरलात तर टॅक्सीच्या रांगेत उभं राहायची गरज नाही. मार्च २०२४ पासून स्टेशनालाच लागून मेट्रो आहे, हुगळीच्या पाण्याखालून पलीकडे जाते. मी एस्प्लनेडपर्यंत गेले आणि तिथून मैत्रीण मला घेऊन गेली. आता तीच मेट्रो थेट सॉल्ट लेकपर्यंत झाली आहे. विशाखापट्टणमला बऱ्याच गाड्यांचं इंजिन बदलून दिशा उलटी होते, म्हणजे पुढचा डबा मागे जातो. तिथे कोणी घ्यायला येणार असेल तर डबा कुठे लागेल ते आतून विचारून सांगा. काही गाड्या तर विशाखापट्टणमला न जाता जवळच्या दुव्वाडा स्टेशनवरूनच पुढे निघतात, तिकिटावर नाव नीट वाचा.

यजमानाला वेळ सांगताना घड्याळाची वेळ सांगू नका, वाटेतली खूण सांगा. हे मला भोपाळवालीने शिकवलं. ती म्हणाली, "नर्मदा पार केलीस की फोन कर, मग मी पोह्यांची तयारी करते." नर्मदापुरमचा पूल आला तेव्हा सकाळ होती. डब्यातल्या दोन बाया उठून दाराशी गेल्या, एकीने पदराच्या गाठीतून नाणं काढून कपाळाला लावलं आणि खाली टाकलं. पूल संपला, पलीकडे बुदनी आणि मग जंगलातला घाट सुरू झाला, आणि घाटात रेंज जाते म्हणून मी पुलावरूनच फोन लावला. तासा-सव्वा तासाने भोपाळला उतरले तर ती बाहेर उभी, आणि घरी पोचलो तेव्हा पोहे फोडणीला टाकायचेच बाकी होते. सोबत जिलबी, तिकडच्या पद्धतीप्रमाणे. तेव्हापासून मी प्रत्येकीला खूण विचारते. विशाखापट्टणमवालीने विजयनगरम सांगितलं होतं.

मुक्काम दोन रात्रींचा. तिसरी रात्र फक्त त्यांनी आपणहून धरून ठेवलं तर, आणि तेही पुढचं तिकीट मोकळं असेल तर. जायच्या आधी मी प्रत्येकीला दोन्ही तिकिटांचे फोटो पाठवले, येण्याचं आणि निघायचंही. निघायची तारीख माहीत असली की घरातल्या सगळ्यांना बरं पडतं, विशेषतः सुनेला. आणि तीन गोष्टी आधी विचारून घ्या: घरात कोणाची परीक्षा किंवा आजारपण आहे का, सकाळी किती वाजता उठतात, आणि आंघोळीचा नंबर कधी लागेल. कोलकातावालीच्या नातवाची दहावीची बोर्डाची परीक्षा होती. तिने आग्रह केला, पण मी एकच रात्र तिच्याकडे राहिले, बाकी दोन जवळच्या गेस्ट हाउसमध्ये. दुपारी मुलगा पेपरला गेला की ती माझ्याकडे यायची. आमच्या सगळ्यात जास्त गप्पा तिथेच झाल्या.

भेट न्यायची ती आपल्या गावची, हलकी आणि न चेपणारी. आमच्याकडून भडंग न्यायचा मोह होतो, पण पाच घरांचं भडंग म्हणजे एक अख्खी बॅग, आणि दहाव्या दिवशी ते मऊ पडतं. मी सांगलीची हळद आणि बेदाणे नेले, प्रत्येकीला पाव-पाव किलोची दोन पाकिटं. सगळ्यांना नावं घालून घरीच वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत बांधून ठेवलं होतं, म्हणजे कोणाच्या घरी बॅग उपसत बसावं लागलं नाही.

गाडीतल्या जेवणासाठी पहिले दोन दिवस दशम्या. ज्वारीच्या पिठात थोडी कणीक घाला आणि पाण्याचा थेंबही न लावता दुधात मळा. थापून दोन्ही बाजूंनी मंद आचेवर भाजायच्या. खरी काळजी पुढे घ्यायची: गरम दशमी डब्यात घातली की वाफेचं पाणी सुटतं आणि ती त्याच रात्री बुरसते. परडीत सुती कापड पसरून एकेक सुटी वाळत ठेवल्यासारखी ठेवायची, हाताला पूर्ण गार लागली की मगच चळत करून कापडात गुंडाळायची. शेंगदाण्याची चटणी सोबत असली की दुसऱ्या दिवशी रात्रीपर्यंत छान चालते. तिसऱ्या दिवशी उरली तरी खाऊ नका. त्यापुढे प्रत्येक मैत्रीण डबा देतेच. ग्वाल्हेरवालीने दिलेला मुरैन्याचा गजक मला विशाखापट्टणमपर्यंत पुरला.

कोलकाता ते विशाखापट्टणम सलग जाऊ नका, भुवनेश्वरला थांबा. रात्री पोहोचून स्टेशनवरच्या रिटायरिंग रूममध्ये झोपता येतं. पक्क्या तिकिटाचा पीएनआर टाकून ती आधीच ऑनलाइन घेता येते, आणि कोणालाही त्रास द्यावा लागत नाही. सकाळची गाडी धरून खाली निघालं की डाव्या हाताला चिलका सरोवर लागतं. बालूगावच्या अलीकडे-पलीकडे पाणी रुळांच्या इतकं जवळ येतं की होड्यांतली जाळी दिसतात. म्हणून तिकीट काढताना डाव्या खिडकीची जागा मिळते का बघा, नाहीतर तेवढा वेळ दाराजवळच्या खिडकीशी उभं राहा. दुपारी उशिरा विशाखापट्टणमला पोहोचता, म्हणजे आपला नियमही पाळला जातो.

परतीचा शेवटचा टप्पा मी सिकंदराबादहून सोलापूर आणि तिथून कुर्डुवाडी, पंढरपूरमार्गे मिरज असा घेतला. पुण्यावरून फिरून येण्यापेक्षा हा जवळचा. पूर्वी इथे बार्शी लाइट रेल्वेची नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची गाडी होती, लहानपणी आजीबरोबर मी तिने गेलेले आहे. सोलापूरपर्यंत बॅग इतकी जड झाली होती की हमालाशिवाय जिना चढवेना. तेव्हा मिळालेल्या भेटवस्तूंपैकी साड्या आणि पुस्तकं वाटेतल्या एखाद्या पोस्टातून पार्सल करून टाका. मी हे विशाखापट्टणमलाच करायला हवं होतं.

पुढच्या हिवाळ्यात भोपाळवाली माझ्याकडे यायची आहे. वही पुन्हा काढली आहे. भोपाळहून निघून उजेडी मिरजेत पोहोचवेल अशी गाड्यांची जोडी अजून बसवतेय. बसली की तिला कळवीन, आणि वाटेतली खूणही सांगीन.