सुट्टीला भारतात निघताय? फ्लोरिडातल्या घराची बुरशी आधी बघा

फ्लोरिडातलं घर बंद करून उन्हाळ्यात भारतात येणाऱ्यांनी घराच्या विमा पॉलिसीतलं ‘मोल्ड’चं, म्हणजे बुरशीचं, कलम वाचावंच. पाइप अचानक फुटून धरलेल्या बुरशीचा खर्च बऱ्याच पॉलिसींत मिळतो, पण अनेकदा १०,००० डॉलरपर्यंतच. जादा प्रीमियम भरून ही मर्यादा वाढवता येते. सिंकखाली १४ दिवस किंवा जास्त थेंबथेंब झिरपलेलं पाणी, नुसता दमटपणा, पुराचं पाणी हे मात्र सहसा वगळलेलं असतं. त्यामुळे निघताना पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. विजेचं बिल वाचवायला एसी बंद करू नका, कृपा करून! किल्ली शेजारी द्या. गळती झालीच तर आधी फोटो, मग २४ ते ४८ तासांत सगळं कोरडं, आणि कंपनीला लगेच फोन. भिजलेली भिंत काढावी लागली, तर त्यातला तुकडा तपासनीस येईपर्यंत ठेवा.