जर्मनीला शिकायला निघताय? बॅग सगळ्यात शेवटी भरा

मी सांगलीची. केम्निट्सच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतून मास्टर्स केलं आणि आता स्टुटगार्टजवळ नोकरी करते. उन्हाळा लागला की गावाकडून फोन सुरू होतात. कुणाचा भाचा असतो, कुणाच्या मैत्रिणीची मुलगी असते, आणि पहिला प्रश्न ठरलेला, "ताई, सोबत काय काय आणू?" माझं उत्तरही ठरलेलं आहे. सामानाचं नंतर बघू, तुझे कोणते कागद अजून दुसऱ्याच्या टेबलावर पडून आहेत ते आधी सांग.

तयारीचा माझा एकच नियम आहे. ज्या कामाची वेळ दुसऱ्याच्या हातात आहे ते आधी, आपल्या हातात आहे ते शेवटी. मसाले भरायला एक संध्याकाळ पुरते. ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सत्रांच्या गुणांचा विद्यापीठाचा दाखला), एपीएस (पदवी तपासल्याचं प्रमाणपत्र), व्हिसाची तारीख, राहायची खोली ही कामं मात्र तुम्ही कितीही घाई केली तरी त्यांच्या गतीनेच होणार.

सगळ्यात आधी पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवीच्या गुणपत्रिका एका ओळीत मांडून नाव अक्षर न् अक्षर जुळवून बघा. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि कुठे कुठे आईचंही नाव छापतात. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो. नुसत्या क्रमाची अडचण नाही, पण स्पेलिंगच वेगळं असेल किंवा लग्नानंतर नाव बदललं असेल, तर प्रतिज्ञापत्र किंवा राजपत्रातली नोंद आत्ताच करून घ्या. आणि आजपासून प्रत्येक फॉर्मवर, फीच्या पावतीपासून विमानाच्या तिकिटापर्यंत, नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा.

मग ट्रान्सक्रिप्ट. विद्यापीठाकडे अर्ज करतानाच जास्तीच्या प्रती मागा. पुन्हा फेरी मारण्यापेक्षा चार प्रती घरात पडून राहिलेल्या बऱ्या.

त्यानंतर एपीएस. भारतीय विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून जर्मनीच्या विद्यार्थी व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतं. तुमची पदवी खरी आणि तिथल्या प्रवेशाला पात्र आहे की नाही, याची ही तपासणी. फी १८,००० रुपये, आणि गर्दीच्या दिवसांत वेळ बराच जातो. कितीतरी विद्यापीठं अर्जासोबतच ते मागतात, म्हणून ॲडमिशन मिळाल्यावर करू असं म्हणू नका. शेवटच्या वर्षाला असतानाच चौकशी सुरू करा.

अर्ज स्वतः भरा. हे मी कळकळीने सांगते, कारण शेत तारण ठेवून मुलाला पाठवणारी घरं मी बघितली आहेत. सरकारी विद्यापीठांचे अर्ज काही थेट त्यांच्या पोर्टलवर भरायचे असतात, काही उनी-असिस्ट या अनेक विद्यापीठांचे अर्ज तपासणाऱ्या संस्थेमार्फत. तिथे पहिल्या अर्जाला ७५ युरो आणि त्याच सत्रासाठी पुढच्या प्रत्येक अर्जाला ३० युरो लागतात. यात असं काहीच नाही, जे इंजिनिअर झालेल्या मुलामुलीला जमणार नाही. एजंट 'फुकट मदत' करतो तेव्हा तो पुष्कळदा खासगी कॉलेजाकडे वळवतो, कारण त्याचं कमिशन तिथून येतं. कॉलेजचं नाव कळलं की होखशूलकोम्पास या साइटवर ते सरकारी आहे की खासगी ते स्वतः तपासा.

'जर्मनीत शिक्षण फुकट' हेही अर्धंच खरं. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते, फक्त सत्राचं शुल्क असतं. पण बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे स्टुटगार्ट, कार्ल्सरूह, हायडेलबर्ग इथे, युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ च्या हिवाळी सत्रापासून दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीनेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून फी सुरू केली, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी सत्राला ४,००० किंवा ६,००० युरो. घरी आकडा सांगण्याआधी हे बघून घ्या.

आपले गुण तिथल्या मापात किती, हा हिशेबही घरबसल्या होतो. तिथे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. समजा, दहापैकी तुमचा सीजीपीए ८.२ आहे आणि पास व्हायला ४ लागतात. दहातून ८.२ वजा केले, १.८ राहिले. त्याला दहा वजा चारने, म्हणजे सहाने भागा, आलेल्याला तीनने गुणा आणि एक मिळवा. उत्तर १.९. एखाद्या कोर्सला २.५ पर्यंत घेत असतील तर तुम्ही आत आहात. फक्त तुमच्या विषयांची क्रेडिट्स त्यांच्या अटीशी जुळतात का तेही वाचा. चांगले गुण असूनही नकार येतो तो बऱ्याचदा तिथेच.

पैशांचं

आईबाबांना घेऊन बसा आणि कागदावर मांडा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे पैसे आधीच दाखवावे लागतात. सप्टेंबर २०२४ पासून ही रक्कम ११,९०४ युरो आहे. युरो शंभर रुपये धरला तरी बारा लाखांच्या आसपास. ही फी नव्हे, तुमचेच पैसे आहेत, ते दरमहा ९९२ युरो असे परत मिळतात. रक्कम मधूनमधून वाढते, तेव्हा पैसे पाठवण्याच्या आठवड्यात दूतावासाच्या साइटवर आकडा पुन्हा बघा. कर्ज घेणार असाल तर बँक मंजुरी आधी देते आणि पैसे मागाहून सोडते. मधला काळ व्हिसाच्या तारखेवर येऊन आदळणार नाही असं बघा. स्वतःचे पैसे पाठवत असाल तर आर्थिक वर्षात दहा लाखांच्या वरच्या रकमेवर बँक टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्र भरताना वळता करून घेता येतो, म्हणून प्रमाणपत्र जपून ठेवा.

एक गोष्ट पुष्कळ घरांत लक्षातच येत नाही. ब्लॉक्ड अकाउंटचे पैसे विमानातून उतरल्या दिवशी हातात येत नाहीत. त्याला तिथलं बँक खातं लागतं, पत्ता लागतो. आणि खर्च तर पहिल्याच आठवड्यात असतो: खोलीचं डिपॉझिट, पहिलं भाडं, विमा, भांडीकुंडी. डिपॉझिट कायद्याने तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत असू शकतं. म्हणून फॉरेक्स कार्डवर निदान १,५०० युरो वेगळे ठेवा आणि ते बारा लाखांच्या हिशेबात धरू नका.

पार्टटाइम कामाच्या भरवशावर पहिलं सत्र आखू नका, ही माझी ठाम सूचना. वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी असते, पण जर्मन येत नसेल तर काम मिळायला वेळ लागतो, आणि पहिल्या सत्रातल्या परीक्षा सोप्या नसतात.

खोली

ॲडमिशन लेटर आलं त्याच दिवशी श्टुडिएरेंडनवेर्कच्या (विद्यार्थ्यांची वसतिगृहं चालवणारी संस्था) वसतिगृहासाठी अर्ज करा. व्हिसाची वाट बघू नका. केम्निट्ससारख्या पूर्वेकडच्या शहरात भाडं बेताचं आहे आणि खोली मिळते. म्युनिकमध्ये तेच ९९२ युरो भाड्यातच संपत येतात. शहर निवडताना विद्यापीठाच्या नावाइतकाच याचाही विचार करा. खासगी खोली शोधताना भाड्यात वीज-हीटिंग धरलंय का ते विचारा. आणि "मी परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली पोस्टाने देतो" म्हणणाऱ्याला एक पैसाही पाठवू नका. घर कुणीतरी प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पैसे नाहीत.

घरमालकाला आणखी एक गोष्ट आधीच विचारा: पत्ता नोंदणीसाठी लागणारा राहण्याचा दाखला देणार ना? तो नसेल तर ती खोली तुमच्या उपयोगाची नाही.

विमा आणि औषधं

तिशीच्या आत असाल तर सार्वजनिक आरोग्य विमा विद्यार्थ्यांच्या दरात मिळतो, महिन्याला साधारण १४० ते १५० युरो. भारतातूनच ऑनलाइन अर्ज करा. विमा कंपनी विद्यापीठाला एम१० नावाचा संदेश पाठवते, त्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. स्वस्त खासगी विम्याचा मोह होतो, पण एकदा सार्वजनिक विम्यातून सूट घेतली की शिक्षण संपेपर्यंत परत जाता येत नाही. प्रवासापासून सार्वजनिक विमा सुरू होईपर्यंतचा काळ प्रवासी विम्याने भरून काढा.

दात इथेच दाखवून घ्या. चष्म्याची जास्तीची जोडी घ्या. रोजच्या गोळ्या असतील तर जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्या, आणि चिठ्ठीवर ब्रँडबरोबर औषधाचं मूळ नावही लिहून घ्या.

निघण्याआधी घरची कामं

बँकेची सगळी खाती तुमच्या भारतातल्या मोबाइल नंबरवर असतात आणि ओटीपीशिवाय पान हलत नाही. त्या सिमकार्डला इंटरनॅशनल रोमिंग इथेच चालू करा आणि ते कार्ड कधी बंद पडू देऊ नका. कर्जाची, बँकेची कामं बाबांना करता यावीत म्हणून मुखत्यारपत्र करून ठेवा. शिकायला गेलात तरी नियमाने तुम्ही अनिवासी ठरता, तेव्हा बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयांचं खातं) करण्याबद्दल शाखेत बोलून घ्या.

जर्मन निदान ए१ या पहिल्या पातळीपर्यंत, जमलं तर ए२ पर्यंत शिका. पुण्या-मुंबईत मॅक्सम्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूट आहे, बाकीच्यांना ऑनलाइन वर्ग आहेत. कोर्स इंग्रजीत असला तरी घरमालकाची चिठ्ठी आणि सरकारी पत्र जर्मनमध्येच येतं.

आता बॅग

मूळ कागदपत्रं हातातल्या बॅगेत, चेक-इनमध्ये कधीही नाही. सगळ्यांचं स्कॅन मेलवर आणि घरच्यांकडे. जड जॅकेट इथून घेऊ नका, तिथे थंडीला साजेसं मिळतं. आतून घालायचे थर्मल मात्र न्या. कुकर न्यायचाच, पण इंडक्शनवर चालणारा सपाट बुडाचा, कारण वसतिगृहात गॅस नसतो. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवा, धुराचा अलार्म लगेच वाजतो.

खाण्याचे नियम नीट ऐका. युरोपीय संघात प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, खवा, साजूक तूप, सगळं कस्टम्समध्ये काढून घेतलं जाऊ शकतं. हापूसची पेटीही नाही, ताजा कढीपत्ताही नाही. नारळ चालतो. सुके बोंबील, सुकटही २० किलोपर्यंत चालतात, फक्त हवाबंद बांधा. कांदा-लसूण मसाला, गोडा मसाला, भाजणी, मेतकूट, हिंग, आमसूल भरपूर घ्या. यातलं बरंच तिथे सहज मिळत नाही. तूरडाळ आणि तांदळावर किलो घालवू नका. भारतीय दुकान नसलं तरी तुर्की दुकानात कोथिंबीर आणि भेंडी हमखास सापडते.

पोहोचल्यावर पहिले पंधरा दिवस

खोलीवर गेलात की आधी पत्रपेटीवर आणि बेलवर आपलं आडनाव चिकटवा. नाव नसेल तर पोस्टमन पत्र टाकत नाही, आणि बँकेचं कार्ड, विम्याचं कार्ड, कर क्रमांक सगळं पोस्टानेच येतं. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत पत्ता नोंदवायचा असतो, याला आनमेल्डुंग म्हणतात. त्याची वेळ भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. तो दाखला मिळाला की बँक खातं, मग ब्लॉक्ड अकाउंटमधून दरमहाचे पैसे सुरू करणं, मग विद्यापीठातली उरलेली कामं.

काही दिवसांत रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येईल, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नसला तरी ते भरावं लागतं, पण दर घरामागे एकदाच, म्हणून फ्लॅटमधले सगळे मिळून वाटून घ्या. विद्यापीठाचं प्रवासी तिकीट लोकल आणि प्रादेशिक गाड्यांना चालतं, आयसीई या लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांना नाही.

व्हिसा काही महिन्यांचाच असतो. पत्ता नोंदवला त्याच आठवड्यात परदेशी नागरिक कार्यालयाकडे निवास परवान्याचा अर्ज टाका, त्याची पोच जपून ठेवा आणि व्हिसा संपायची तारीख फोनमध्ये दोन महिने आधीच्या आठवणीसह लावून ठेवा.