परतीच्या पावसानंतर डुकरांसाठी धान्य आंबवताना

दसरा-दिवाळीच्या दिवसांत मोंढ्यावर भिजका मका आणि काळी पडलेली ज्वारी पडत्या भावाने मिळू लागते. वराहपालकाला हा माल खुणावतो, कारण डुकरांवरच्या एकूण खर्चात खाद्याचाच वाटा सर्वांत मोठा असतो. असा माल घेतल्यावर बरेच जण तो ड्रममध्ये भिजत घालतात आणि आंबला की दोष निघून जाईल, असं धरून चालतात. हा समज चुकीचा आहे. आंबवण चांगलं आहे, वाढीच्या डुकरांना मानवतंही, पण बुरशी लागलेल्या धान्यावरचा तो उतारा नव्हे.

ड्रमकडे वळण्याआधी पोतं उघडून पाहा. ओलं पण निरोगी धान्य चालतं. उन्हात पसरून ओलावा 14 टक्क्यांच्या खाली आणला की ते साठवताही येतं. कणसाच्या टोकाला गुलाबी, पांढरी किंवा हिरवट बुरशी दिसत असेल, दाणे हलके लागत असतील, पोत्यात हात घातल्यावर कुबट वास येत असेल, तर तो माल डुकरांसाठी घेऊ नका. बुरशीनं दाण्यात सोडलेलं विष आंबवल्यानं किंवा शिजवल्यानं भरवशानं जात नाही, आणि पाळीव जनावरांत डुक्कर या विषांना फार हळवं असतं. अफ्लाटॉक्सिननं यकृत बिघडतं आणि वाढ खुंटते. मक्यातल्या फ्युमोनिसिनची मात्रा जास्त झाली तर फुप्फुसात पाणी भरून डुकरं धापा टाकत मरतात. झेरालेनोन पोटात गेलं की माजावर न येताच तरुण माद्यांचं योनिद्वार लाल होऊन सुजतं. ‘माद्या लवकर माजावर आल्या’ म्हणून खूश होण्याआधी खाद्याचं पोतं तपासलेलं बरं. काळ्या ज्वारीवर तर अनेक बुरशा एकत्र असतात. वरून घासून, पॉलिश करून ती उजळ दिसते, विष मात्र दाण्यातच राहतं. अरगट ही बुरशी लागलेली बाजरीही नको.

निवडलेलं धान्य आंबवल्यानं नेमकं काय साधतं? धान्यातला सुमारे दोन-तृतीयांश स्फुरद (फॉस्फरस) फायटेट या संयुगात अडकलेला असतो आणि डुकराला तो पचत नाही. भिजवून आंबवताना फायटेज हे विकर (एन्झाइम) तो मोकळा करतं. मक्यात हे विकर अगदी कमी, गव्हाच्या कोंड्यात भरपूर. त्यामुळे मक्याच्या भरड्यासोबत थोडा गव्हाचा कोंडा ड्रममध्येच टाकावा. त्याहून मोठा फायदा आम्लाचा. लॅक्टिक आम्ल तयार होऊन सामू (पीएच) 4.5 च्या खाली गेला की साल्मोनेला आणि हगवणीच्या इतर जंतूंना तिथे तग धरणं कठीण जातं. नुकत्याच दूध तुटलेल्या आणि वाढीला लागलेल्या पिल्लांची हगवण यामुळे कमी झाल्याचा अनुभव अनेक पालक सांगतात.

ड्रम कसा लावायचा

सरासरी 30 किलोच्या 10 डुकरांचा हिशोब धरू. त्यांना रोज साधारण 14 किलो कोरडं खाद्य लागतं. त्यापैकी साडेआठ किलो मका किंवा ज्वारीचा भरडा आणि 2 किलो गव्हाचा कोंडा एवढंच ड्रममध्ये जाईल, त्यावर 24 लिटर पाणी. भरडा जाडसर असावा. पीठ केलं तर तळाशी लगदा बसतो आणि अख्खे दाणे आतून आंबत नाहीत. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलेलं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा, नाहीतर विरजणातले जिवाणू मरतील.

पहिल्या वेळी लिटरभर ताजं ताक विरजण म्हणून पुरतं. झाकण ठेवा पण घट्ट लावू नका, कारण आत वायू तयार होत असतो आणि बंद ड्रम फुगून फुटतो. खोली कोंदट असेल तर ड्रमवर वाकून ढवळण्याआधी दार-खिडकी उघडा. ड्रम खाद्याच्या दर्जाच्या प्लास्टिकचाच हवा. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, तांबं, पितळ, अॅल्युमिनियम यांतला धातू आम्लानं खाद्यात उतरतो. कीटकनाशकाचा रिकामा ड्रम कितीही धुतला तरी वापरू नये.

पहिल्या दिवशी घाई नको. सुरुवातीच्या 24 तासांत आम्ल पुरेसं तयार झालेलं नसतं आणि नको असलेले जंतूही त्या कोमट पाण्यात झपाट्यानं वाढतात. म्हणून पहिला घाणा 2 ते 3 दिवस मुरू द्या. सामू तपासण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. 4.5 च्या खाली, शक्य तर 4 च्या आसपास सामू आला की खाद्य तयार. वास ताकासारखा स्वच्छ आंबट हवा. दारूचा वास आला तर यीस्ट माजलंय आणि धान्यातली ताकद वायू होऊन उडतेय. कुजका किंवा अमोनियासारखा वास, तार धरणारा चिकटपणा, वर हिरवी-काळी साय यांपैकी काहीही दिसलं तर ड्रम ओतून टाका. चमच्यानं साय काढून खालचं खायला घालण्याचा मोह होतो, तो आवरा.

पुढच्या वेळी ताक लागत नाही. तळाशी पाव भाग आंबोण ठेवून त्यावर नवा भरडा आणि पाणी घाला. 60-70 लिटरचे दोन ड्रम आलटून-पालटून वापरले की प्रत्येकाला 48 तास मिळतात. आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा करून, घासून, उन्हात वाळवा आणि दुसऱ्या ड्रममधलं चांगलं विरजण घेऊन पुन्हा सुरू करा.

सोयापेंड ड्रममध्ये नको

सगळं खाद्य एकत्र कालवून आंबवायला घालणं सोयीचं वाटतं. पण विकतचं लायसिन (प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) त्या पाण्यात घातलं तर जंतू ते फोडून टाकतात आणि पैसे पाण्यात जातात. खनिज मिश्रणातला चुना आम्ल मारतो, त्यामुळे सामू खाली यायला वेळ लागतो. म्हणून ड्रममध्ये फक्त धान्य आणि कोंडा. डोणीत घालण्याच्या आधी त्यात 3 किलो सोयापेंड, 350 ग्रॅम खनिज मिश्रण आणि 70 ग्रॅम मीठ कालवा. यातून साधारण साडेसतरा टक्के प्रथिनं मिळतात, वाढीच्या वयाला ती पुरतात. कच्चं सोयाबीन दळून घालू नका, त्यातला घटक प्रथिनांचं पचन अडवतो. सरकी पेंड गाईम्हशींना चालते म्हणून इथे वापरू नये. तिच्यातलं गॉसिपॉल डुकरांना बाधतं. शेंगदाणा पेंड पावसाळ्यात साठवलेली असेल तर तिच्यात अफ्लाटॉक्सिनची भीती मक्याइतकीच.

हे सगळं मिळून ओलं वजन 38 किलोच्या आसपास भरतं, म्हणजे डुकरामागे पावणेचार किलो, दोन वेळांत विभागून. बादली भरलेली दिसते म्हणून खाद्य जास्त झालंय असं समजू नका, त्यात निम्म्याहून अधिक पाणीच असतं. पाणी वाढवत नेलं तर पोट भरतं आणि अंग भरत नाही. पिण्याचं पाणी मात्र वेगळं, चोवीस तास समोर हवं, आंबोण कितीही पातळ असली तरी.

बदल एका दिवसात करू नका. पहिले दोन-तीन दिवस पाव भाग, मग निम्मा, असं 7 ते 10 दिवसांत पूर्ण आंबवलेल्या धान्यावर आणा. प्रत्येक डुकराला डोणीवर सुमारे 25-30 सेंटिमीटर जागा मिळाली नाही तर दांडगी खातात आणि कमजोर मागे राहतात. अर्ध्या तासात संपेल एवढंच घाला. डोणीत उरलेलं परत ड्रममध्ये कधीच नको.

डिसेंबरात पठारावर रात्री थंड झाल्या की ड्रम मंदावतो. 20 अंशांच्या खाली लॅक्टिक जिवाणू सुस्तावतात आणि यीस्टला रान मोकळं होतं. ड्रम आत घ्या, गोणपाट गुंडाळा, हाताला सोसेल इतकं कोमट पाणी वापरा आणि एक दिवस जास्त द्या. कोकण आणि गोव्यात ही अडचण फारशी येत नाही. तिथे उलट उन्हाळ्यात माश्या आणि जास्त आंबण्याची काळजी घ्यावी लागते.

शहरांजवळ बरेच जण हॉटेलचं खरकटं वापरतात आणि तेही ड्रममध्ये आंबतच असतं. त्याला या पद्धतीत मोजू नका. आफ्रिकन स्वाईन फीवर हा डुकरांचा जीवघेणा रोग 2020 मध्ये आसाम आणि अरुणाचलात भारतात पहिल्यांदा आढळला. डुकराच्या मांसाच्या तुकड्यातून तो पसरतो आणि आंबटपणानं मरेल अशी खात्री नाही. या रोगावर उपचार नाही. खरकटं द्यायचंच असेल तर सतत ढवळत 90 अंशांवर किमान तासभर उकळा. एकाएकी ताप, कानावर-पोटावर लाल-निळे डाग, पटापट मरतूक असं काही दिसलं तर एकही जनावर न विकता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा.

खाद्य लागू पडतंय का, हे ठरवायला तराजू नसला तरी टेप पुरतो. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या मुळापर्यंत लांबी मीटरमध्ये घ्या. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं, मग 69.3 नं, की वजन किलोत येतं. घेर 0.80 आणि लांबी 0.80 असेल तर साडेपस्तीस किलो. दर पंधरवड्याला ठरावीक दोन-तीन डुकरं सकाळी उपाशीपोटी मोजा. संकरित डुक्कर पंधरा दिवसांत 5 किलोही वाढलं नाही तर आधी सोयापेंडीचं आणि पाण्याचं माप तपासा, मग जंतांच्या औषधाची तारीख. ड्रमला दोष द्यायची वेळ त्यानंतर येते.