जुनी, फेरफार केलेली ऐरण घेताय? या चुका टाळा

नवी ऐरण घ्यायची तर खिसा चांगलाच हलका होतो, म्हणून लोहारकाम शिकू पाहणारा माणूस आधी भंगारवाल्याकडे वळतो. गोव्यात अशा ऐरणी निघतात त्या बार्ज दुरुस्तीच्या यार्डांतून, खाणींच्या वर्कशॉपांतून, नाहीतर एखाद्या बंद पडलेल्या लोहारशाळेतून. जशीच्या तशी राहिलेली ऐरण क्वचितच मिळते. कुणाची चोच, म्हणजे पुढचं निमुळतं टोक, कापलेली असते, कुणाच्या माथ्यावर ड्रिलने भोकं पाडलेली असतात, तर कुणावर जाड पट्टी वेल्ड केलेली असते. यातले बरेच फेरफार चालून जातात. जास्त नुकसान होतं ते नव्या मालकाने हौसेने केलेल्या ‘दुरुस्ती’मुळे.

पहिली चूक म्हणजे नुसतं वजन बघून सौदा करणं. जुन्या इंग्लिश ऐरणींच्या कुशीवर बहुधा तीन आकडे कोरलेले असतात, समजा 1 1 12. पहिला आकडा 112 पौंडांचा, दुसरा 28 पौंडांचा आणि तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे एकूण 152 पौंड, साधारण 69 किलो. आता ऐरण काट्यावर ठेवा. वजन 60 भरलं तर कुठूनतरी बराच मोठा तुकडा गेलेला आहे. तो कुठून गेला हे शोधल्याशिवाय पैसे देऊ नका. वापरून झिजलेली ऐरण एवढी हलकी होत नाही.

दुसरी चूक म्हणजे रंगाला भुलणं. ताजा काळा रंग मारलेला असेल तर माथा तारेच्या ब्रशने आणि रॉकेलने स्वच्छ करून द्यायला सांगा. मग बाजूने नीट पाहा. जुन्या घडीव ऐरणीत खालचं अंग मऊ लोखंडाचं असतं आणि त्यावर पोलादाचा पत्रा भट्टीतच जोडलेला असतो. तो जोड दिसलाच तर केसासारखी बारीक रेघ दिसते. त्याऐवजी चारी कडांना वेल्डिंगचा फुगीर मणी दिसला, तर ती पट्टी कुणीतरी मागाहून बसवलेली आहे. अशी पट्टी फक्त कडेला धरलेली असते, मध्ये पोकळी राहते. घाव घातला की आवाज भरडा, झणझणता येतो आणि हातोडा मेल्यासारखा पडतो.

खरी परीक्षा बेअरिंगच्या गोळीची. एक इंचाची पोलादी गोळी आणि एक मोजपट्टी खिशात ठेवा. मोजपट्टी उभी धरून 25 सेंटिमीटरवरून गोळी सोडा आणि ती कुठवर उसळते ते बघा. 18 किंवा त्याहून वर आली तर माथा उत्तम. 12-15 पर्यंत आली तरी शिकायला पुरे. 8-10 वरच थांबली तर माथा मऊ पडलाय, किंवा मुळात बिडाची ऐरण आहे. पण एकाच जागी गोळी टाकून निकाल देऊ नका. पूर्ण माथ्यावर बोटभर अंतराने टाकत चला. एखाद्या जागी उसळी अचानक खाली आली तर तिथे पत्रा सुटलाय किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने पोलादाचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलंय. भोकांजवळ आणि मागच्या बाजूला बाहेर आलेल्या भागावर उसळी थोडी कमीच असते, त्याची काळजी नको.

वेल्डिंगची शंका आली तर तिथे रॉकेल लावा, पाच-दहा मिनिटांनी कोरडं पुसून टाका आणि खडूची पूड भुरभुरवा. चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल पुडीत वर येतं आणि ओली रेघ उमटते. कडेवरची छोटी चीर सोसता येते. माथ्याच्या मधोमध आडवी गेलेली असेल तर ती ऐरण सोडून द्या.

आता घरी आणल्यावरची सगळ्यात वाईट सवय: ग्राइंडर. माथा थोडा खोलगट दिसला, कडा तुटक्या दिसल्या की हात शिवशिवतात. थांबा! कठीण पोलादाचा थर आधीच झिजून पातळ झालेला असतो, त्यातला प्रत्येक मिलिमीटर मोलाचा. खोलगट भागात वाकडी सळी सरळ करणं उलट सोपं जातं. तुटकी कड धारदार राहिली असेल तर तेवढीच कानशीने गोल करा, बस. वेल्डिंगने कडा भरून काढायच्या तर पूर्ण धूड आधी साधारण 200 अंशांपर्यंत तापवावं लागतं आणि नंतर सावकाश निवू द्यावं लागतं. नवशिक्याने त्या वाटेला जाऊ नये. माथा कडक करायला म्हणून ऐरण भट्टीत तर कधीच घालू नका.

कापलेल्या चोचीचं दुःख करू नका. माथ्यावरच्या चौकोनी भोकात बसेल असा जाड गोल सळीचा तुकडा वाकवून घ्या, हुक-कड्यांचं काम त्यावर होतं. ड्रिलची जास्तीची भोकंही टोच्याने भोक पाडताना उपयोगी पडतात.

बैठकीत मात्र हयगय नको. सरळ उभं राहून मूठ खाली सोडा. बोटांच्या सांध्यांना माथा लागला की उंची बरोबर. फणसाचा किंवा आंब्याचा ओंडका चांगला, पण आपल्याकडे तो जमिनीवर ठेवला की वाळवी लागते. खाली जांभ्या दगडाचा चिरा ठेवा आणि ओंडक्याच्या तळाला काजूच्या टरफलांचं तेल लावा. हातमोजे घालूनच, कारण ते कातडी भाजतं. वरच्या बाजूला लावू नका, तापलेल्या लोखंडाची खपली पडली की झोंबरा धूर होतो.

पावसाळ्यात काम संपलं की माथ्यावर तेलाचा हात फिरवा. वरून प्लास्टिक गुंडाळलंत तर आत घाम धरतो आणि चार दिवसांत गंज चढतो.

काम करताना थंड लोखंड माथ्यावर ठोकू नका, रिकाम्या माथ्यावर हातोडा आपटू नका. पोलादाची कपची उडते आणि डोळा जातो. चष्मा लागतोच. छिन्नीने तोडायचं असेल तर चोचीलगतच्या मऊ पायरीवर, आणि ती कापली गेली असेल तर माथ्यावर साधी लोखंडी पट्टी ठेवून. किनाऱ्यालगतच्या भंगारात जस्त चढवलेले साखळदंड, खिळे खूप मिळतात. ते भट्टीत घालू नका, जस्ताच्या धुराने ताप भरतो. सुरुवातीला 10-12 मिलिमीटरची साधी सळी घ्या.

आणि ऐरण परीक्षेत नापासच झाली तर रुळाचा हातभर तुकडा बघा. तो आडवा न ठेवता उभा पुरा, म्हणजे घावाखाली पूर्ण वजन येतं. मात्र घेताना भंगारवाल्याकडून पावती घ्या. रेल्वेचा माल विनाकागद बाळगणं हा 1966 च्या कायद्याने गुन्हा आहे.